पिकअपचा टेंपरेचर काटा खोटा चढतोय? सेन्सर बदलण्याआधी तो चढतो कसा ते बघा

इंजिन शांत चाललंय, कुलंट टाकीत रेषेवर आहे, वाफ नाही, वास नाही, आणि मीटरवर मात्र काटा लालमध्ये, कधी जोडीला तापाचा लाल दिवाही. गाडी बाजूला घेऊन चावी बंद केली, पुन्हा लावली की काटा मधोमध, जणू काही झालंच नाही. चार दिवस बरे जातात आणि परत तेच. बेळगावहून गोव्याला भाजी नेणारे, चिकोडी-निपाणीकडून माल आणणारे आणि पावसाळा लागला की खानापूर-जांबोटी पट्ट्यातले पिकअपवाले ही तक्रार घेऊन येतात: "गाडी तापत नाही ओ, नुसता दिवा लागतोय." बहुतेकांनी तोवर सेन्सर बदललेला असतो, काहींचा थर्मोस्टॅट (तापल्यावर कुलंटला रेडिएटरकडं सोडणारी झडप) कुणीतरी काढून फेकलेला असतो, एखाद्याचा रेडिएटर खोलून साफ करून झालेला असतो. दिवा आपला लागतोच.

पार्ट बदलत बसण्याआधी दोनच गोष्टी ठरवायच्या असतात. काटा वर गेला तो कसा गेला, आणि त्याच वेळी इंजिनाचं तापमान दुसऱ्या एखाद्या मार्गानं मोजलं तर किती निघालं. ही दोन उत्तरं हातात आली की निम्म्याहून जास्त गाड्यांत पाना न लावता दुखणं कुठल्या बाजूला आहे ते कळतं.

दिवा लागल्यावर पहिली पाच मिनिटं

खोटा आहे असं ठरेपर्यंत दिवा खराच धरायचा. गाडी बाजूला घ्या. वाफ दिसली, कुलंटचा गोडसर वास आला, इंजिनाचा दम गेला किंवा खडखड आली तर लगेच बंद करा आणि गार होईपर्यंत कशालाही हात लावू नका. रेडिएटरचं टोपण गरम असताना उघडायचं नाही, आणि गरम ब्लॉकवर थंड पाणी ओतायचं नाही. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी घाटात मागं रांग लागली की टोपणाला फडकं गुंडाळून पिळणारे भेटतातच.

यातलं काहीच नसेल तर इंजिन चालू ठेवून दोन-तीन मिनिटं काटा बघा. तो काय करतो हे मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा, कारण गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत सगळं ठीक झालेलं असतं आणि मग तुमच्या सांगण्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. व्हिडिओत काट्याबरोबर हेडलाइट, वायपर, इंडिकेटर चालू होते का हेही दिसू द्या. याचा उपयोग पुढं आहे.

एक उलटी गोष्ट इथंच सांगतो. चढावर काटा एकदम खाली, अगदी थंडीच्या खुणेवर पडला, तर सुटलो म्हणून पुढं जाऊ नका. कुलंट गळून गेलं की सेन्सर कोरडा पडतो. मग भोवतीचं इंजिन भाजत असलं तरी तो कमी आकडा दाखवतो. खोट्या गरमपेक्षा हे खोटं थंड जास्त महागात पडतं.

काट्याची चाल

पिकअपच्या डिझेल इंजिनात सात ते दहा लिटरच्या आसपास कुलंट असतं, आणि त्याभोवती कित्येक किलो लोखंड-अॅल्युमिनियम. एवढ्या वस्तुमानाचं तापमान एका सेकंदात तीस-चाळीस अंश वाढवायला जेवढी उष्णता लागेल तेवढी या इंजिनात तयारच होऊ शकत नाही. खरा ताप मिनिटांच्या हिशेबानं चढतो. काटा मधल्या खुणेवरून हळूहळू सरकतो, चढ संपला की तितकाच हळू उतरतो. उलट खड्ड्यात चाक गेलं आणि काटा टप्पकन लालमध्ये, पुढच्या खड्ड्यात परत खाली, हे वायरिंगचं काम. इंजिनाचा त्यात काही संबंध नाही.

आपल्याकडचे रस्ते या तपासणीला फार उपयोगी आहेत. चोर्ल्याच्या रस्त्यानं भरलेली गाडी गोव्याकडं उतरते, म्हणजे भाराच्या वेळी इंजिनाला कष्ट कमीच. गिअरमध्ये पाय सोडून उतरताना डिझेल जवळजवळ जळतच नाही, पंप फिरत असतो, रेडिएटरला वारा लागत असतो. कणकुंबी सोडून केरीकडं उतरताना दिवा लागत असेल तर मी सरळ वायरिंगवर संशय घेतो. परतीला चढ असतो, पण गाडी बहुधा रिकामी. तेव्हा दुपारी, मंद वेगात, काटा सावकाश चढत असेल तर मात्र रेडिएटर, फॅन, थर्मोस्टॅट यांच्याकडं बघायचं. निपाणी सोडून तवंदी घाट भरल्या गाडीनं चढताना दिवा लागणं आणि सपाट रस्त्यावर बेळगावातल्या उद्यमबागेच्या सिग्नलला लागणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. सिग्नलला उभं असताना सावकाश वर जाऊन गाडी पळाली की खाली येत असेल, तर फॅन किंवा फॅनचा रिले. हायवेवर पळतानाच चढत असेल तर रेडिएटर आतून किंवा बाहेरून चोंदलेला. उसाच्या हंगामात रेडिएटर आणि त्याच्या पुढच्या जाळीमध्ये पाचटाचा भुसा बसतो, समोरून बघितलं तर दिसत नाही. पुढं मोठा गार्ड, त्यावर लाइट, त्यावर आडवी पाटी लावलेल्या गाड्यांना वारा मिळतच नाही, हे वेगळं सांगायला नको.

आणखी एक प्रकार खरा असूनही दोष नाही. घाट चढून आल्या आल्या चहाला गाडी बंद केली की पंप थांबतो, पण तापलेल्या लोखंडातली उष्णता कुलंटमध्ये येतच राहते. दहा मिनिटांनी गाडी सुरू केल्यावर काटा वर असतो, कधी दिवाही लागतो, आणि मिनिटभरात उतरतो. यासाठी गॅरेजला यायचं कारण नाही. चढून आल्यावर दोन-तीन मिनिटं गाडी नुसती चालू ठेवून मग बंद करा. टर्बोलाही ते बरं.

दुसरं माप घ्या

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत, आणि त्याआधीच्याही बऱ्याच गाड्यांत, स्टिअरिंगखाली स्कॅनर लावायचा सॉकेट असतो. साधा ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइलवरचं अॅप पुरतं. त्यात 'कुलंट टेंपरेचर' हा आकडा चालू ठेवा. शिवाय एक इन्फ्रारेड गन, म्हणजे न टेकवता तापमान मोजणारं यंत्र, घ्या. आता तुमच्याकडं तीन आकडे झाले: काटा काय म्हणतो, ईसीयू (इंजिन सांभाळणारा गाडीतला कॉम्प्युटर) काय म्हणतो, आणि धातू प्रत्यक्ष किती तापलाय.

काटा लालमध्ये आणि स्कॅनरवर ८८ अंश, तर सेन्सर बदलू नका. ईसीयूला बरोबर माहिती मिळतेय, गडबड मीटर क्लस्टरमध्ये (डॅशबोर्डवरच्या काट्या-दिव्यांच्या संचात) किंवा त्याच्या अर्थिंगमध्ये (करंटच्या बॅटरीकडं परतीच्या वाटेत) आहे. यात एकच अपवाद: काही गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळा आणि ईसीयूचा वेगळा असतो. थर्मोस्टॅट हाउसिंगजवळ दोन कपलर (वायरींचे खोबणीचे जोड) दिसले तर वायरचे रंग बघून खात्री करून घ्या. काटा आणि स्कॅनर दोघंही १२५-१३० म्हणताहेत आणि हाउसिंग मात्र ९० च्या आसपास, तर सेन्सर किंवा त्याची वायर. तिन्ही आकडे वर असतील तर गाडी खरोखर तापतेय, आणि खाली गॅस्केटबद्दल जे लिहिलंय ते आधी वाचा.

गन वापरताना एका गोष्टीनं भलेभले फसतात. चकचकीत अॅल्युमिनियमवर गन कमी आकडा दाखवते, कधी फारच कमी, कारण चमकदार पृष्ठभाग स्वतःची उष्णता नीट बाहेर टाकत नाही आणि भोवतालची परावर्तित करतो. थर्मोस्टॅट हाउसिंगवर गन धरली, साठ आलं, "बघा, गाडी गारच आहे" म्हणून दिवा खोटा ठरवला, आणि गाडी खरंच शंभरच्या वर गेलेली. त्यासाठी हाउसिंगवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, तो तापू द्या, आणि गन टेपवर धरा. रबरी होजवर मापलं तर आकडा कुलंटपेक्षा काही अंश कमी येतो, तेवढं धरून चला. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान उघडायला लागतो, तेव्हा चालत्या गाडीत ८५ ते १०० यात घाबरण्यासारखं काही नाही.

स्कॅनर असेल तर सगळ्यात स्वस्त तपासणी पहाटेची. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची चावी नुसती ऑन करा, सेल्फ मारू नका. कुलंट आणि इनटेक हवा यांचे आकडे बघा. दोन्ही बाहेरच्या हवेच्या जवळपास आणि एकमेकांच्या तीन-चार अंशांत असायला हवेत. पावसाळ्यातल्या सकाळी हवा बावीस आणि कुलंट पंचेचाळीस दाखवत असेल तर तो आकडा खोटा आहे, यावर आणखी पुरावा नको.

वायरिंग: इथं वेळ घालवा

हे नीट समजून घेतलं तर अर्धं काम झालं. कुलंट सेन्सर म्हणजे तापल्यावर रोध (विजेला होणारा अडथळा) कमी होणारा थर्मिस्टर. गार असताना रोध जास्त, गरम असताना कमी. त्यामुळं वायर तुटली, कपलर ढिलं झालं, पिनांवर कार्बन चढला, की वाटेतला रोध वाढतो आणि आकडा थंडीकडं जातो. पूर्ण तुटली तर ईसीयूला उणे चाळीस दिसतं. उलट सिग्नलची वायर सोलून कुठं बॉडीला लागली, की रोध शून्याकडं जातो आणि आकडा एकदम १३०-१४० च्या पुढं. म्हणजे खोट्या *गरम* दिव्यासाठी ढिला कपलर शोधत बसण्यात अर्थ नाही. घासलेली वायर शोधा. स्कॅनरवर येणारा दोषाचा कोडही हेच सांगतो: पी०११७ आला तर सिग्नल खाली ओढला जातोय, म्हणजे शॉर्ट. पी०११८ आला तर सर्किट उघडं. काही नव्या गाड्यांत मात्र सर्किट उघडं पडलं की ईसीयू खबरदारी म्हणून फॅन पूर्ण वेगानं लावतो आणि जोडीला इशाऱ्याचा दिवाही देतो. फॅन विनाकारण धडधडत असेल तर तो प्रकार ओळखा.

'नवा सेन्सर टाकला, चार दिवस बरं होतं' याचं कारणही इथंच सापडतं. सेन्सर बदलताना कपलर काढला-लावला, वायर जरा हलली, घासलेली जागा ब्रॅकेटपासून सुटली. चार दिवसांनी हादऱ्यांनी ती परत टेकली.

तपासणी अशी. चावी ऑन, काटा लालमध्ये असताना सेन्सरचं कपलर काढा. काटा खाली पडला, किंवा स्कॅनरवर उणे चाळीस आलं, तर कपलरपासून मीटरपर्यंतची वायर ठीक आहे आणि संशय सेन्सरवर. कपलर काढूनही काटा लालमध्येच राहिला तर सेन्सरला सोडा, वायर कुठंतरी बॉडीला लागलीय. ईसीयूच्या गाडीत कपलर काढल्यावर चेक लाइट लागेल, काम झालं की स्कॅनरनं कोड पुसून टाका.

मग हार्नेसवर, म्हणजे वायरींच्या जुडग्यावर, हात फिरवायचा. इंजिन चालू, स्कॅनर समोर, आणि एकानं आकड्यावर नजर ठेवायची. दुसऱ्यानं सेन्सरपासून सुरुवात करून वायरिंग वीतभर-वीतभर हलवत मागं जायचं. आकडा जिथं उडी मारेल तिथं थांबा. जागा बहुधा ठरलेल्या असतात: एअर फिल्टरच्या ब्रॅकेटची कड, बॅटरी ट्रेचा कोपरा, इंजिन आणि बॉडी यांच्यामधला तो टप्पा जिथं इंजिन हलतं आणि बॉडी हलत नाही. खानापूरकडच्या एका गाडीत हार्नेसची बाहेरची काळी नळी वरून अगदी धड दिसत होती. खालच्या अंगाला ब्रॅकेटच्या कडेनं ती करवतीसारखी चिरत आत गेली होती. टेप सोडल्यावर आत नखाएवढा तांब्याचा तुकडा उघडा, हिरवट पडलेला, आणि ब्रॅकेटवर त्याच ठिकाणी रंग घासून चमकणारा ठिपका. तो ठिपकाच सापडायला वेळ लागतो. तो दिसला की वायर सापडलीच. अशा जागी नुसती टेप गुंडाळून भागत नाही. खराब भाग कापून, जोड सोल्डर करून, हीट श्रिंक चढवून, वर नळी घालून वायर ब्रॅकेटपासून दूर केबल टायनं बांधायची.

पावसाळ्याचा मुद्दा थोडा बारीक आहे. कपलरमध्ये पाणी गेलं की दोन पिनांच्या मध्ये गळतीची वाट तयार होते, रोध कमी होतो, आकडा गरमीकडं सरकतो. पण पाण्याची ती वाट काही हजार ओहमची असते. गार इंजिनात सेन्सर स्वतःच दोन-अडीच हजार ओहमवर असतो, म्हणून सकाळी फरक ठळक दिसतो. गरम इंजिनात तो तीनशेच्या खाली असतो, तिथं पाण्यानं फारसं बिघडत नाही. तेव्हा नुसत्या ओलाव्यानं लाल दिवा लागणं अवघड आहे. ओलावा आणि उघडी वायर एकत्र आल्या की लागतो. म्हणूनच जांबोटीच्या पावसात लागणारा दिवा डिसेंबरात गायब होतो आणि मालकाला वाटतं दुखणं बरं झालं. कपलर खोलून पिना कॉन्टॅक्ट क्लीनरनं साफ करा, रबरी सील फाटलं असेल तर बदला, आणि सिलिकॉन ग्रीस बेतानं लावून बंद करा.

शेताजवळ किंवा गुऱ्हाळाशेजारी गाडी लावणाऱ्यांनी उंदरांकडंही बघावं. कुरतडलेल्या वायरींवरचे दातांचे व्रण ओळखू येतात, आणि बॉनेटखाली पाचटाचं घरटं असलं तर शंका उरत नाही.

अर्थिंग आणि जोडलेले दिवे

व्हिडिओत हेडलाइट दिसू द्या म्हणालो ते यासाठी. हेडलाइट, वायपर किंवा ब्लोअर लावला की काटा वर सरकतो आणि बंद केला की उतरतो, असं होत असेल तर अर्थिंग खराब आहे. मीटरची स्वतःची अर्थ वायर ढिली पडली की मीटरमधल्या दिव्यांचा करंट परतीची वाट शोधतो, आणि टेंपरेचर काट्यातून, सेन्सरच्या वायरीतून इंजिनाकडं जातो. काटा बिचारा त्या करंटबरोबर वर जातो. इंडिकेटर लावल्यावर काटा ठेक्यात हलायला लागला तर एवढंच निदान पुरे.

आपल्याकडच्या गाड्यांत हे का जास्त, याचं उत्तर त्या गाड्यांच्या तोंडावर असतं. जादा फॉग लाइट, एलईडी पट्टी, दोन-तीन आवाजांचा हॉर्न, म्युझिक, देवाच्या फोटोभोवती माळ. बसवणारा माणूस अर्थिंगसाठी जवळचा बोल्ट शोधतो, आणि डॅशबोर्डखाली जवळचा बोल्ट बहुधा मीटरच्याच अर्थिंगचा असतो. एका बोल्टखाली पाच-सहा रिंगा, मधे रंगाचा थर, त्यावर गंज. हौसेला माझा विरोध नाही, पण जादा लाइटला रिले लावा आणि अर्थ थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर न्या.

मापायचं असेल तर मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, वरच्या क्लॅम्पवर नव्हे, आणि दुसरं इंजिन ब्लॉकच्या घासून साफ केलेल्या धातूवर. इंजिन चालू, हेडलाइट, ब्लोअर, वायपर सगळं लावा. ०.२ व्होल्टच्या वर दाखवत असेल तर इंजिन ते बॉडी ते बॅटरी या अर्थ पट्टीत दोष आहे. हेच मीटरच्या अर्थ वायरीवरही करा. याच वेळी चार्जिंगही बघून घ्या. बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट ठीक, पंधराच्या वर जात असेल तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर गेलाय आणि काट्याआधी इतर बरंच काही जळेल.

जुन्या, साध्या मीटरच्या गाड्यांत टेंपरेचर आणि डिझेल हे दोन्ही काटे एकाच वेळी नेहमीपेक्षा वर दिसत असतील तर सेन्सरला हात लावू नका. मीटरच्या पाठीमागचा व्होल्टेज स्टॅबिलायझर किंवा त्याचा अर्थ गेलेला असतो. टाकीत डिझेल अर्धं आणि काटा फुल दाखवतोय, हे ड्रायव्हरला माहीत असतं, पण विचारल्याशिवाय तो सांगत नाही, कारण त्याच्या दृष्टीनं ती वेगळी तक्रार असते.

सेन्सर

आता सेन्सर. बऱ्याच ईसीयू गाड्यांत वापरला जाणारा सेन्सर २० अंशांला साधारण अडीच हजार ओहम, ८० ला सव्वातीनशेच्या आसपास आणि १०० ला दोनशेच्या जरा खाली दाखवतो. तुमच्या गाडीचे नेमके आकडे सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या, सगळ्या सेन्सरांची चाल एकच नसते. सेन्सर काढून, दोन वायरी लावून, पातेल्यातल्या पाण्यात बुडवा आणि पाणी तापवत रोध बघा. आकडा एकसारखा उतरत गेला पाहिजे, मधे उडी नको. काही सेन्सर गार असताना शहाण्यासारखे वागतात आणि नव्वदच्या पुढं आत शॉर्ट होतात, म्हणून पाणी उकळेपर्यंत थांबा. आणि बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचावर आहे, इथं उघड्या पातेल्यात पाणी १०० ला नाही, ९७-९८ अंशांलाच उकळतं. तेवढ्या दोन-तीन अंशांच्या फरकावर चांगला सेन्सर फेकू नका.

काटा कायमच थोडा वर राहतो, सकाळपासून रात्रीपर्यंत, उडी न मारता, आणि हे सेन्सर बदलल्यापासूनच सुरू झालंय? मग दुकानदारानं 'हाच बसतो' म्हणून दिलेला सेन्सर बघा. आटे बसले, कपलर बसला, पण आतली रोधाची चाल दुसऱ्या मॉडेलची. असा सेन्सर बिघडलेला नसतो, म्हणून तपासणीत सापडत नाही. पार्ट नंबर जुळवणं हाच उपाय.

खऱ्या दुखण्याचं सोंग

एक खरं दुखणं मात्र अगदी वायरिंगसारखं वागतं, ते म्हणजे हेड गॅस्केटची (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या सीलची) सुरुवातीची गळती. जळलेला वायू कुलंटमध्ये शिरतो, त्याचा फुगा सेन्सरपाशी आला की काटा झटक्यात वर-खाली करतो, फुगा सरकला की ठीक. चाल बघून तुम्ही वायरिंग खोलाल आणि काही सापडणार नाही. फरक असा ओळखा: सकाळी गार इंजिन सुरू करून मिनिट-दोन मिनिटांत वरचा होज पाईप दाबून बघा. कुलंट अजून तापलेलं नसताना होज दगडासारखा कडक झाला, टाकीत सतत बुडबुडे येताहेत, कुलंट कुठं गळत नाही पण कमी होतंय, तर गॅस्केटची चाचणी करून घ्या. गॅरेजमध्ये निळं द्रव असलेली नळी टाकीच्या तोंडावर धरतात, त्याचा रंग बदलून हिरवट किंवा पिवळा झाला तर आत वायू आहे. कुलंट नुकतंच बदललं असेल तर हवा अडकल्यानंही असंच होतं, तेव्हा आधी हवा काढा आणि दोन दिवस बघा.

रेडिएटरच्या टोपणाचीही एक गंमत आहे. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाब. एक बारच्या दाबाखाली साधं पाणीही १२० अंशांच्या आसपास उकळतं, कुलंटचं मिश्रण त्याहून वर. टोपणाची स्प्रिंग किंवा रबर गेलं की दाब राहत नाही, आणि इंजिन शंभरवर असतानाच कुलंट उसळून बाहेर येतं. बघणारा म्हणतो गाडी तापली. गाडी तापलेली नसते, टोपण गेलेलं असतं. तीच गोष्ट टाकीतल्या लेव्हल सेन्सरची. ज्या गाड्यांत तो असतो तिथं वळणावर किंवा उतारावर कुलंट हिंदकळलं की दिवा क्षणभर लुकलुकतो. पातळी वरच्या रेषेपर्यंत भरा आणि टाकीत गाळ साचला असेल तर धुवा.

थर्मोस्टॅट काढून टाकणं हा मात्र उपाय नव्हे, कुणीही सांगितला तरी. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो नसला की काही कुलंट रेडिएटरला वळसा घालून तसंच इंजिनात परततं, आणि भरल्या गाडीत चढावर खरंच तापायला लागतं. दिव्याची वायर कापणं किंवा सेन्सरच्या वायरीत रोध घालून काटा खाली ठेवणं, हेही करून आलेल्या गाड्या बघितल्यात. त्याच सिग्नलवर ईसीयू फॅन लावतो, डिझेल ठरवतो, आणि वेळ आली तर इंजिनाची ताकद कमी करून ते वाचवतो.

दुरुस्ती झाल्यावर गाडी लगेच घेऊन जाऊ नका. स्कॅनर लावून ठेवा, स्प्रे बाटलीनं कपलरवर आणि दुरुस्त केलेल्या जागेवर पाणी मारा, हेडलाइट-वायपर-हॉर्न सगळं लावून हार्नेस परत हलवून बघा. आकडा जागचा हलला नाही तर कोड पुसून, भरलेली गाडी घेऊन एकदा घाट चढून या, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चावी ऑन करून कुलंट आणि हवेचे आकडे पुन्हा जुळवा. तिथं जुळले आणि तरीही काटाच वर जात असेल, तर उरतो तो मीटर क्लस्टर. तो काढून आतल्या सर्किट बोर्डवरचे जोड तपासणारे कारागीर बेळगावात आहेत, नवा क्लस्टर घेण्याआधी त्यांना दाखवा.